भरती न झालेले सात

चौकशी अहवालाच्या सातव्या पानावर, वरून तिसऱ्या ओळीत, एक विधान होतं: ‘साथीच्या संपूर्ण कालावधीत या रुग्णालयातील एकाही परिचारिकेच्या मानसिक स्वास्थ्यात लक्षणीय बिघाड आढळून आलेला नाही.’ विधान नीटनेटकं होतं, ताणून अंथरलेल्या चादरीसारखं. आणि इन्चार्ज बाईंनी सदतीस वर्षं चादरी उचलून खाली काय आहे तेच पाहिलेलं असल्यामुळे त्यांचं मन आपोआप कोपऱ्याकडे गेलं. एखादी गोष्ट आढळायची तर कुणीतरी ती शोधावी लागते. इथे शोधलं कुणी? एका छापील तक्त्याने. तक्त्यात तीन रकाने होते: वॉर्ड, परिचारिकांची संख्या, बिघाड असल्यास संख्या. तो दर सोमवारी दुपारी बाराच्या आत वर जायचा. भरायचा कुणी? जिच्याविषयी विचारलं होतं तिने नव्हे, तिच्या इन्चार्जने. बिघाड कशाला म्हणायचं याचा खुलासा मूळ प्रतीच्या पाठीमागे छापलेला होता, आणि झेरॉक्स काढणाऱ्याने पाठ कधीच काढली नव्हती. ज्या इन्चार्जने एक हा आकडा लिहिला असता, तिच्या वॉर्डातली एक परिचारिका घरी गेली असती आणि तिच्या जागी कुणीही आलं नसतं, कारण यायला कुणी उरलंच नव्हतं. तेव्हा तेवीस वॉर्डांच्या तेवीस इन्चार्जनी चौतीस सोमवार शून्य लिहिलं. शून्यांची बेरीज शून्य येते, इथपर्यंत गणिताचा दोष नाही. त्या बेरजेला स्वास्थ्य म्हणणं, ही मात्र प्रशासनाची स्वतंत्र प्रतिभा. त्यांतली चौतीस शून्यं बाईंच्या हातची होती. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे त्या विधानावर मोकळेपणी संतापण्याचीही सोय उरली नव्हती.

“बाई, तुमच्या वॉर्डात बेड किती?” अहवाल लिहिला जाण्याआधी, चौकशीच्या दिवशी, कायदा अधिकाऱ्याने विचारलं होतं. आवाज सौम्य होता, घसरगुंडीवर तेल लावावं तसा.

“अकरा.”

त्याने रजिस्टर त्यांच्याकडे वळवलं आणि पेनाचं टोपण एका ओळीखाली ठेवलं. “मग हा बारा नंबरचा बेड कुठे आहे?”

बाईंनी टोपणावरची ओळ वाचली. खोली तिसऱ्या मजल्यावरची, पूर्वी धुतलेल्या कपड्यांच्या साठ्याची. कपाटं हलवली होती, पण भिंतींनी वाफाळलेल्या सुती कापडाचा वास सोडला नव्हता. टेबलापलीकडे तिघं होते: चौकशी समितीचे अध्यक्ष, म्हणजे आता निवृत्त झालेले ते मोठे सर्जन, ज्यांच्या हातात बाईंनी तरुणपणी चिमटे आणि कात्र्या दिल्या होत्या, हा कायदा अधिकारी, आणि कोपऱ्यात टंकलेखन करणारी लेखनिक, जी प्रत्येक ‘अं’देखील टाइप करत असावी असं तिच्या बोटांवरून वाटे. अधिकाऱ्याने हिशेब मांडून दाखवला. एकेचाळीस दिवसांत, अकरा बेडच्या वॉर्डात, बारापासून अठरापर्यंत सात बेडच्या नोंदी. नाडी आहे, श्वास आहे, झोप आहे, खाणं आहे. या सातजणांचे भरतीचे कागद नाहीत. सुट्टी दिल्याचे नाहीत. मृत्यूचे नाहीत. “न आलेले, न गेलेले आणि न मेलेले सात रुग्ण,” तो म्हणाला आणि स्वतःच्या वाक्यावर किंचित खूश झाला. “आणि प्रत्येक पानाखाली तुमची सही.”

मग त्याने एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यावर एकच ओळ होती: सदर नोंदी अतिश्रमामुळे अनवधानाने झालेला लेखनदोष आहेत. खाली बाईंच्या सहीची जागा. सही केली तर विषय मिटला; चार महिन्यांनी शाल, श्रीफळ, भाषण. नाही केली, तर खोट्या नोंदींना मान्यता दिल्याचा ठपका आणि परिचारिकांच्या नोंदणीपुस्तकातून नाव कमी. “अठरा नंबरपर्यंत कोण कोण होतं ते सांगितलंत तर त्यांचाही विचार करू,” असं त्याने पुस्ती म्हणून जोडलं, आणि तो विचार कोणत्या जातीचा असेल हे बाईंना न सांगता समजलं. ज्या परिचारिकेच्या कागदावर ‘मन ठिकाणावर नाही’ असं एकदा लिहिलं जातं, तिच्या हाती पुन्हा इंजेक्शन कोण देतो? अध्यक्ष इतका वेळ खिडकीतून खालच्या मोटारी बघत होते. ते म्हणाले, “पंधरा मिनिटं घ्या. आम्ही चहा घेऊन येतो. चाळा हवं तर ते रजिस्टर. पण हट्ट करू नका.” ते दोघं गेले. लेखनिक राहिली, रजिस्टर राहिलं, आणि तो एका ओळीचा कागद.

सही करून टाक, असं सकाळी नवराही म्हणाला होता; चौकशीच्या नोटिशीत लेखनदोषाचा कागद आणि ठपका, दोन्ही आधीच कळवलेलं होतं. तो शाळेत भूगोल शिकवत असे, आणि जगातल्या बहुतेक प्रश्नांना तो आपल्या विषयाच्या उंचीवरून पाही. “लेखनदोष म्हणायला तुझं काय जातं? मी दर वर्षी फळ्यावर एक तरी नदी उलट्या बाजूला काढतो. आजवर कुणी बुडालंय?” त्या हसल्या नव्हत्या. साथीच्या महिन्यांत त्या गच्चीवरच्या एकाकी खोलीत राहत. ताट स्टुलावर ठेवून तो चार पायऱ्या खाली उतरे आणि मग त्या दार उघडत. पुढेपुढे ताट ठेवून झालं तरी तो खाली घरात जात नसे. जिन्यावर बसून बंद दाराशी बोलत राही. कोणती नदी कुठे उगम पावते, कोणती वाळवंटात शिरून समुद्राला न भेटताच संपते, खारं सरोवर खारं का. बाईंना वाटे, शाळा बंद, समोर वर्ग नाही, बोलल्यावाचून याच्या पोटात दुखत असणार. त्या आतून म्हणत, “पुरे की आता, तोंड दुखत नाही का?” आणि तो म्हणे, “अजून तीन खंड बाकी आहेत.” त्या नद्यांच्या आवाजात त्यांचे डोळे जड होत. आता, कपड्यांच्या वासाच्या या खोलीत बसून, त्या आवाजाची त्यांना एकाएकी तहान लागली.

वर येताना जिन्यात ती भेटली होती. टिकटिक. खरं नाव उपस्थितीच्या पुस्तकापुरतं. वॉर्डात तिला सगळ्या टिकटिकच म्हणत, कारण श्वास मोजताना ती घड्याळ बघत नसे, बुटाच्या टोकाने जमिनीवर ठोका धरे, आणि तिचं मिनिट घड्याळाच्या मिनिटाशी कधी चुकलं नाही. आता ती लहान मुलांच्या लसीकरणाकडे होती. कठड्याला टेकून उभी होती; ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत.

“बाई, मी आत जाते. सांगते, बारा नंबर मीच.”

“तू खाली जा. पोरं रडत असतील तुझ्या नावाने.”

“ती मला बघूनच रडतात.” मग हळू: “पण बाई, तुमचं नाव जाईल हो.”

“जाऊ दे. तसंही अर्ध्या लोकांना ते येत नाही. ‘ओ बाई’ म्हणतात.”

ती हसली, आणि बाईंनी पाहिलं, तिचा बूट स्थिर होता. केवढी साधी गोष्ट. आणि तरी त्यांना एखादं अवजड दार आपसूक उघडताना बघावं तसं वाटलं होतं.

कारण त्या दिवसांत तो बूट थांबत नसे. वॉर्डातल्या अकरा बेडवर अकरा छात्या होत्या आणि त्या छात्यांचं वर येणं हीच जगातली एकमेव घटना होती. माणूस आयुष्यभर न मागता, न ठरवता जो श्वास घेतो, तो इथे प्रत्येकाला एकेक करून, चढावर ओझं न्यावं तसा घ्यावा लागे. आणि ते बघताना बाईंना, इतक्या वर्षांच्या सरावानंतरही, भय नव्हे, भयाच्या पलीकडचं काहीतरी वाटे. देह नावाची एवढी गुंतागुंत, आणि ती दर चार सेकंदांनी पुन्हा होकार देते. आणि मग एकदा देत नाही. टिकटिक हे मोजायची. किटच्या आत घामाने न्हालेली, काचेआडून डोळे तेवढे दिसणारी, मिनिटाला अठ्ठावीस, बत्तीस, चाळीस. सहा नंबरवरच्या शिक्षिकेचे तर तिने सलग पन्नास मिनिटं मोजले, शेवटचा येईपर्यंत, आणि त्यानंतरही काही ठोके तिचा पाय चालूच राहिला. पुढे ती जेवताना मोजू लागली. पाळी संपल्यावर बाकावर बसलेल्या सोबतिणींचे मोजू लागली. तिचा पाय टेबलाखाली चाले आणि ओठ हलत.

मग तो मंगळवार. दुपारचे दोन. एका पाळीने दुसऱ्या पाळीला वॉर्ड सोपवायचा, त्याला सगळ्या ‘ओव्हर’ म्हणत. जाणारी वाचते, येणारी लिहून घेते. यात एक नियम असा की वाचलेलं अडवायचं नाही. पटो न पटो, आधी लिहायचं, मग जाऊन डोळ्यांनी बघायचं. कारण अडवण्यात वेळ जातो आणि राहून गेलेल्या एका ओळीत माणूस जातो. हा नियम हाडात इतका मुरतो की घरी कुणी किराण्याची यादी सांगू लागलं तरी परिचारिकेचा हात पेन शोधतो. त्या दिवशी टिकटिक वाचत होती आणि लिहून घेत होती ती जिला सगळ्या पाठीमागे फौजदार म्हणत आणि समोर ताई. बाई दाराशी उभ्या होत्या. बेड एक. बेड दोन. अकराव्या बेडची लघवीची नोंद झाली. पान संपलं. आणि आवाजाची पट्टी न बदलता, मान वर न करता, टिकटिक पुढे वाचू लागली.

“बेड बारा. स्त्री, वय एकतीस. नाडी एकशे बारा. श्वास चोवीस. चार दिवस झोप नाही. खाणं निम्म्याहून कमी. मोजते. थांबवलं तर थांबत नाही. विचारलं तर ठीक आहे म्हणते.”

फौजदारचं पेन थांबलं नाही. तिने सगळं लिहून घेतलं. शेवटचा शब्द लिहिल्यावर मात्र तिला आपण काय लिहिलं ते कळलं, कारण पेनाचं टोक कागदावर तसंच टेकून राहिलं आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला. बाईंना वाटलं, आता ती काहीतरी टोचेल; जीभ तिची तशीच होती. फौजदारने पान किंचित सरळ केलं आणि येणाऱ्या पाळीने विचारायचे असतात तेच प्रश्न, त्याच कोरड्या आवाजात विचारले.

“शेवटचं खाणं?”

“काल दुपारी.”

“लघवी?”

“सकाळी सहाला. किट घालायच्या आधी.”

“नातेवाइकांना कळवलंय?”

“नाही.”

‘नातेवाइकांना कळवलेले नाही,’ असं फौजदारने लिहिलं, खाली रेघ मारली आणि म्हणाली, “घेतला वॉर्ड. बारा नंबर, तिथे बस. बूट काढ.”

इथे एक चूक झाली होती, यात शंका नाही. माणसाला रुग्ण म्हणून लिहायचं तर डॉक्टर लागतो, कागद लागतो, बेड लागतो. पण चूक लिहिली गेली, आणि लिहिलं गेल्यावर नियम आपल्या वाटेने निघाला. संध्याकाळच्या पाळीने पुढच्या पाळीला बारा बेड वाचून दाखवले, कारण रजिस्टरात बारा होते. जे वाचलं ते लिहिलं गेलं. जे लिहिलं ते बघितलं गेलं. कुणीतरी तिच्या घरी फोन करून आईला विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टिकटिक कामावर आली तेव्हा तिला वॉर्ड सोपवणारीने अकरा बेड वाचून झाल्यावर वाचलं, “बेड बारा, झोप तीन तास, सकाळी चहा पूर्ण घेतला,” आणि टिकटिकने ते इमानाने लिहून घेतलं व स्वतःला ताब्यात घेतलं. कुणी त्यावर बोललं नाही. बोललं असतं तर ते तिथेच मेलं असतं. सहानुभूतीचे शब्द त्या वॉर्डात एव्हाना वापरून विरले होते. उरली होती ती फक्त पद्धत.

बाई पानं उलटत होत्या. शुक्रवारी बेड तेरा: ‘स्त्री, वय चव्वेचाळीस. हात धुणे थांबत नाही. दोन्ही तळव्यांना भेगा.’ हे अक्षर फौजदारचं स्वतःचं होतं. खाली कुणाच्या तरी तिरप्या अक्षरात उपाय: ‘तेराला नळापासून दूर ठेवणे. औषधांची कपाटे तिच्याकडे देणे. मलम पाळीच्या शेवटी दुसरीने लावणे, ती स्वतः लावत नाही.’ बेड चौदा, घरी गेल्यावर तान्ह्या मुलाला हात लावायला घाबरणारी: ‘आज दहा मिनिटे घेतले.’ बेड पंधरा, जिला कुठलाच वास येईनासा झाला होता आणि ती कुणाला सांगत नव्हती. ‘बाराला सहा नंबरजवळ पाठवू नये.’ ‘बारा आज जेवताना मोजत नव्हती.’ ‘सोळा रडली. वीस मिनिटे. नंतर बरे वाटते म्हणाली. खरे वाटले.’ एकेक ओळ, विशेषणाविना. बाईंनी आयुष्यात बरंच वाचलं होतं. करुणेवरची प्रवचनं, सेवेवरची भाषणं, साथीत टाळ्या वाजवणाऱ्यांची कृतज्ञता. त्या सगळ्या वाङ्मयात ‘खरे वाटले’ या दोन शब्दांच्या तोडीचं काही त्यांना आठवेना. ज्यांच्यावर सगळं ओझं होतं त्यांनीच, कुणाला न विचारता, कपाळावर आठी न आणता, आपसांत सात बेड वाढवून घेतले होते, आणि अकरातल्या एकाचंही सलाईन त्यापायी चुकलं नव्हतं. हे त्या स्वतः बघत होत्या, रोज खाली सही करत होत्या. आणि तरी हे किती मोठं आहे ते त्यांना आज, आरोपीच्या खुर्चीत बसल्यावर दिसत होतं.

मग अठरा.

बेड अठरापाशी त्यांचं बोट थांबलं, कारण अठरावा त्यांना आठवेना. सतरापर्यंतच्या प्रत्येकीचा चेहरा त्यांना माहीत होता. अक्षर टिकटिकचं होतं. ‘बेड अठरा. स्त्री, वय सत्तावन्न. उभ्यानेच जेवते. दारावरच्या पाटीवरून गेलेल्यांची नावे स्वतः पुसते, दुसऱ्याला पुसू देत नाही. स्वतःहून सांगणार नाही. विचारलेले नाही, रागावतील. लक्ष ठेवणे.’ खाली बाईंची सही होती. सवयीची, वेगाने केलेली, न वाचता केलेली.

सत्तावन्न वर्षांची त्या वॉर्डात एकच स्त्री होती.

पुढचं पान. फौजदार: ‘अठरा: पाटी आपण सकाळी लवकर पुसावी.’ बाईंना आठवलं, एका सकाळी पाटी आधीच कोरी होती आणि त्या ओरडल्या होत्या, “कुणी हात लावला हिला?” आणि सहाजणी सहा दिशांना बघत होत्या. ‘अठरा: खुर्ची टेबलाजवळ ठेवली. बसली नाही.’ ‘अठरा: बसली. सहा मिनिटे.’ आणि मग, चौथ्या दिवशी: ‘अठरा: यजमानांना फोन केला. म्हणाले, खोलीत एकटी बोलत असते, मेलेल्यांची नावे घेते. मी काय करू विचारत होते. बाहेरून बोलत राहा म्हटले. काय बोलू म्हणाले. काहीही, आपल्या विषयाचे बोला म्हटले.’

बाईंनी रजिस्टर मिटलं नाही. त्यांना ते मिटता येईना. अकरा दिवस त्यांना तपासलं गेलं होतं, बसवलं, जेवू घातलं, निजवलं गेलं होतं, आणि त्या सगळ्याला त्यांनी दर सकाळी, न वाचता, मान्यता दिली होती. त्या नद्या. अर्धं जग ओलांडून बंद दाराखालून आत येणाऱ्या त्या नद्या. त्या फोनविषयी तो माणूस आजतागायत एका शब्दाने बोलला नव्हता. आज सकाळीही नाही. नळ उघडला तर पाण्याऐवजी आख्खा समुद्र यावा तसं काहीतरी त्यांच्या छातीत झालं, आणि त्या परिचारिका असल्यामुळे त्यांनी सवयीने आपला श्वास मोजला. सव्वीस.

“पाणी देऊ का?” लेखनिकने विचारलं. तिने एवढ्या वेळात प्रथमच बोटं कळफलकावरून उचलली होती.

“नको. तुम्ही पान वाढवून ठेवा. मला जरा जास्त बोलायचंय.”

दोघं परत आले. अधिकाऱ्याच्या मिशीला चहा लागला होता. एका ओळीचा कागद होता तिथेच होता, सहीची जागा कोरी. अध्यक्षांनी कागदाकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि शस्त्रक्रियेत काही अनपेक्षित दिसलं की ते जसे क्षणभर स्तब्ध होत तसे झाले. “बाई, विचार करा. एकदा नोंदलं गेलं की पुसता येणार नाही.”

“त्यासाठीच सांगतेय,” बाई म्हणाल्या. अधिकाऱ्याने आक्षेप घ्यायला तोंड उघडलं. अध्यक्षांनी हात वर केला. बाईंनी खुर्ची पुढे ओढली, नीट बसल्या आणि सावकाश, लिहून घेणारीच्या हाताला झेपेल अशा वेगाने सांगू लागल्या. त्यांचा जबाब चौकशीच्या कागदपत्रांत शेवटून दुसऱ्या पानावर आहे. अहवालाने त्याची दखल घेतलेली नाही. तो शब्दशः असा:

“बारा ते अठरा हे सातही बेड खरे आहेत. तो लेखनदोष नाही. अठरावा बेड माझा. हे मला आज, या खोलीत कळलं. बाकी सहाजणींची नावं मी सांगणार नाही. रुग्णाचं नाव बाहेर फोडायचं नसतं, हे साहेब, तुम्हीच आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलंत. या रजिस्टरात खोटं काही नाही. खोटं तुमच्या सोमवारच्या तक्त्यात आहे, आणि ते मी लिहिलंय, चौतीस वेळा, पूर्ण शुद्धीवर असताना. अजून एक लिहून घ्या, ते कुठेच लिहिलेलं नाही. त्या मंगळवारच्या आधी, शनिवारी, बारा नंबर माझ्याकडे आली होती. मी पाटी पुसत होते. ती म्हणाली, बाई, डोळे मिटले की मोजणं सुरू होतं, मला थांबवता येत नाही. मी मागे वळलेसुद्धा नाही. म्हटलं, ‘मग मोजत बस, इथे उपयोगच आहे त्याचा.’ सगळ्याजणी हसल्या. तीही हसली. म्हणून मंगळवारी तिने मला सांगितलं नाही, रजिस्टराला सांगितलं.”